चौथ्या मजल्यावरची नथ

संध्याकाळी दिवेलागण झाली की पाथर्डी फाट्याजवळच्या मेघडंबरी हाइट्ससमोर मुंगीला शिरायला जागा उरायची नाही. रिक्षावाले प्रवाशांसकट थांबायचे. भेळभत्त्याच्या गाड्या कोपरा सोडून थेट फाटकाशी येऊन लागल्या होत्या. पोरं बापाच्या खांद्यावर, बापाचे हात वर, हातात मोबाईल आणि मोबाईलच्या पडद्यावर साक्षात भगवती!

हो, साक्षात. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर समोर एक सात मजली इमारत, गॅलऱ्यांमधले आकाशकंदील आणि वर काळंकुट्ट आभाळ, एवढंच. पण मोबाईलमध्ये त्याच काळ्या आभाळात हिरव्या उजेडाचा एक चेहरा उमटायचा. वर दोन डोळे, खाली हसरं तोंड आणि मध्ये, बघणाऱ्याच्या उजव्या हाताला, टपोरी चमचमती नथ.

“दिसली, दिसली!”

“माझ्यात पण आली! अगं बघ, हसतेय!”

“माझ्यात नाही येत हो.”

“मनात किंतु असेल. परत काढा.”

देवी आभाळात आली म्हणून एवढी झुंबड, आणि आभाळाकडे बघत मात्र कुणीच नव्हतं. सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये.

या सगळ्याची सुरुवात केली होती चौथ्या मजल्यावरच्या तेजल भोरनं, आणि तिला त्याचा कोण अभिमान! वसुबारसेच्या संध्याकाळी ती रस्त्यापलीकडे जाऊन उभी राहिली आणि आपल्या उजळलेल्या इमारतीचा फोटो काढला. दिवाळीच्या शुभेच्छांचा फोटो काढायची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. इमारत खाली घ्यायची आणि वर भरपूर आभाळ मोकळं सोडायचं, म्हणजे तिथं ‘शुभ दीपावली’ लिहिता येतं आणि त्याखाली ‘भोर परिवाराकडून’. तेजलनं तसंच केलं आणि फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. थोड्याच वेळात पहिल्या मजल्यावरच्या स्नेहलवहिनींचा फोन आला.

“तेजल, तुझ्या शुभ दीपावलीच्या मागं कोण बसलंय गं?”

झालं! लक्ष्मीपूजनापर्यंत तो फोटो अख्ख्या नाशकात फिरला. तेजल ‘फोटोवाल्या ताई’ झाली. भाजीवाली तिला कोथिंबीर फुकट देऊ लागली. अनोळखी बायका तिचा मोबाईल डोळ्यांना लावून नमस्कार करू लागल्या. आणि ही बाई कोण, तर आठवीला विज्ञान शिकवणारी शिक्षिका. सकाळी फळ्यावर प्रकाशाच्या परावर्तनाची आकृती काढायची आणि संध्याकाळी तेच खडूचे हात धुऊन आरतीला उभी राहायची. सांगायला जीव जड होतो, पण तिला मनापासून मजा येत होती. नवरा रोहित एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळीवर. तो म्हणाला, “अगं, तू विज्ञानाची ना?” तर ती म्हणाली, “विज्ञानाला सगळंच कळतं असं कुठंय?” हे वाक्य फार सोयीचं आहे. ज्याला शोधायचा कंटाळा असतो त्याच्या तोंडी ते हमखास येतं.

पाडव्याला उजेडनाथ महाराज प्रकटले. कुठून आले ते कुणी विचारलं नाही. अंगावर शुभ्र कफनी, दाढी तेल लावून चोपलेली आणि दोन्ही हातांत एकेक मोबाईल. इमारतीतले निम्मेअधिक फ्लॅट अजून विकायचे होते. रस्त्याच्या बाजूला तर सहाच घरं नांदती होती, बाकी गॅलऱ्या काळोखात. त्यामुळे बिल्डरचा विक्री प्रतिनिधी प्रफुल्ल यानं महाराजांना नमुन्याचा फ्लॅट सोफ्यासकट उघडून दिला आणि फाटकावर फलक लावला, ‘भगवतीच्या छत्रछायेत टू बीएचके’.

महाराजांची वाणी म्हणजे नुसता गुलाबजामचा पाक.

“बाळांनो,” ते म्हणायचे, “तुमच्या डोळ्यांना का दिसत नाही? कारण डोळ्यांवर मायेचा पडदा आहे. मोबाईलला माया आहे का? मोबाईलला बायको आहे का? मोबाईलला मेहुणा आहे का? नाही! म्हणून मोबाईलचं अंतःकरण शुद्ध!”

लोक माना डोलवायचे. मेहुणे असलेले जरा जास्तच.

“आणि ऐका, दर्शनाचा विधी आहे. इमारत खाली ठेवायची. वर आभाळ मोकळं सोडायचं. भगवतीला बसायला जागा द्याल, तर भगवती बसेल! फोटोभर इमारत भरून ठेवलीत, तर ती बिचारी टेकणार कुठं?”

ज्यांच्या फोटोत देवी येत नव्हती त्यांनी तसं केलं आणि काय आश्चर्य, त्यांच्याही फोटोत ती आली! महाराजांनी दुसरी आज्ञा केली, की त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत एकाही घरानं कंदील काढायचा नाही. पौर्णिमेला महादर्शन होईल.

इथवर सगळं गमतीचं होतं. एखाद्यानं फोटोला नमस्कार केला तर कुणाचं काय जातं, असं तुम्ही म्हणाल. तेजलही तेच म्हणत होती. पण तिच्या घरात मालनबाई होत्या.

मालनबाई म्हणजे तेजलच्या सासूबाई, मूळच्या घोटीकडच्या. तोंडाच्या फटकळ आणि मनाच्या मऊ. त्यांना काचबिंदू होता. डोळ्यात दाब वाढतो आणि नजर कडेकडेनं विझत जाते, असा तो रोग. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, “आजी, थेंब एक दिवसही चुकवायचे नाहीत. गेलेली नजर परत आणता येत नाही, आहे ती राखायची.” ऑपरेशनआधीची तपासणीही ठरली होती. आणि महाराजांनी एका संध्याकाळी त्यांच्या डोळ्यांवरून मोबाईल ओवाळून सांगितलं, “माई, औषधाचा थेंब म्हणजे पाणी. पाण्यानं ज्योत विझते. थेंब बंद करा, सुरी लावू नका. पौर्णिमेला भगवती तुमचे डोळे उघडील.”

मालनबाईंनी थेंबांची बाटली कपाटात टाकली. तेजलला ते खटकलं. पण खाली लोक ‘फोटोवाल्या ताईंच्या सासूबाई’ म्हणून त्यांना पुढच्या खुर्चीत बसवत होते, आणि त्या हसत होत्या. एवढ्या दिवसांत त्या तशा हसल्या नव्हत्या. तेजलनं बाटली कपाटातच राहू दिली.

मग चमत्कारावर चमत्कार झाला. तुळशीच्या लग्नाला मालनबाई म्हणाल्या, “तेजल, मला दिव्याभवती कडी दिसत्यात गं. इंद्रधनुष्यावानी. लाल, हिरवी, निळी.”

महाराजांनी हे ऐकलं आणि उडीच मारली. “दर्शन झालं! माईंना प्रभावळ दिसली!” ढोल वाजले. बायकांनी मालनबाईंच्या पाया पडायला रांग लावली. मालनबाई एका हातानं आशीर्वाद देत होत्या आणि दुसऱ्या हातानं कपाळ चेपत होत्या. डोकं ठणकत होतं, पण ते महादर्शनासाठी धरलेल्या उपासानं असेल.

पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी मात्र आक्रीत घडलं. आरती रंगात आली होती आणि गर्दीतून किंकाळी उठली, “नथ गेली! भगवतीची नथ गेली!”

सगळ्यांनी मोबाईल बघितले. डोळे होते, तोंड होतं, नथ नव्हती. हाहाकार माजला. महाराज क्षणभर गांगरले, पण लगेच त्यांनी डोळे वटारले. “या इमारतीत पाप घडलंय! भगवतीनं दागिना उतरवला! ज्यानं पाप केलं त्यानं पुढं यावं!”

कुणी पुढं येईना. तेजल भांबावून जिना चढून घरी आली. सासूबाई आज डोकं दुखतं म्हणून वरच थांबल्या होत्या. घरात अंधार, गॅलरीतही अंधार.

“आई, कंदील कुणी घालवला?”

“म्याच. उजेड डोळ्यात घुसतोय, लय टोचतोय. जरा पडू दे म्हणलं.”

“अहो, खाली नथ हरवलीय, आणि तुम्ही...” असं म्हणत तेजलनं बटण दाबलं.

खालून प्रचंड गजर झाला. “आली! नथ आली!”

तेजल गॅलरीतून वाकून बघते तर काय, सोसायटीचे अध्यक्ष शेखर, म्हणजे स्नेहलवहिनींचे यजमान, हात जोडून महाराजांसमोर उभे. ध्वनिक्षेपकावर त्यांचा रडवेला आवाज पुन्हापुन्हा तेच सांगत होता, “होय, मी खाल्लं! एकादशीला ऑफिसच्या कँटीनमध्ये ऑम्लेट खाल्लं! डबल!” त्यांनी कबुली दिली आणि त्याच क्षणाला नथ परत आली. लोकांनी अध्यक्षांना खांद्यावर घेतलं. मग काय, कबुल्यांचा पाऊसच पडला. कुणी शेजाऱ्याचं वायफाय चोरलं होतं, कुणी सासऱ्याच्या श्राद्धाला जाताना वाटेत सिनेमा पाहिला होता.

तेजल मात्र वळून त्या बटणाकडे बघत होती.

तिनं ते पुन्हा दाबलं नाही. तिला दाबायचं नव्हतं. ती स्वयंपाकघरात गेली, भांडी घासली, घासलेली भांडी पुन्हा घासली. शेवटी राहवेना. तिनं दिवे घालवले, ओट्यावर एकच लखलखीत बल्ब लावला आणि मोबाईल त्याच्यासमोर धरला. बल्ब चौकटीत खाली ठेवला, तर वरच्या अंधारात एक हिरवा ठिपका आला. बल्ब डावीकडे घेतला तर ठिपका उजवीकडे सरकला. बल्ब वर घेतला, तर ठिपका मुकाट्यानं खाली उतरला. ओट्यावर, कुकरच्या शेजारी, भगवती तिच्या हाताच्या तालावर फुगडी घालत होती.

तेजल खुर्चीत बसली आणि आधी हसत सुटली. मग तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिनं मोबाईल पालथा घातला. उद्या सांगू, पौर्णिमा झाली की सांगू, हळूच सांगू, असे बेत करत ती झोपली.

दुसऱ्या दिवशी, दिवे लागायच्या सुमारास, दवाखान्यातून डॉक्टरीणबाईंचाच फोन आला.

“भोर आजी तपासणीला आल्या नाहीत. थेंब चालू आहेत ना?”

तेजल चाचरली. “नाही, म्हणजे... त्यांना आता बरं वाटतंय. दिव्यांभोवती रंगीत कडी दिसतात. दर्शन होतं म्हणून लोक...”

डॉक्टरीणबाईंनी तिला मध्येच तोडलं, “डोकं दुखतं का त्यांचं?”

“हो. उपासानं.”

“उपासानं नाही! डोळ्यातला दाब भडकलाय, त्याची कडी आहेत ती! तो डोळा ओरडून मदत मागतोय आणि तुम्ही आरत्या कसल्या करताय? मी दवाखान्यात थांबते. आत्ताच्या आत्ता निघा. उद्यापर्यंत काय शिल्लक राहील ते मी सांगू शकत नाही.”

तेजल धावत सासूबाईंकडे गेली. “आई, उठा, दवाखान्यात जायचंय.”

“आज?” मालनबाई जरीचं लुगडं नेसून बसल्या होत्या. “आज महादर्शन हाय. आज डोळं उघडायचं सोडून दवाखान्यात जाऊ व्हय?”

“आई, ते सगळं खोटं आहे. ती देवी नाही. दिव्यांचं प्रतिबिंब आहे, कॅमेऱ्याच्या काचेतलं.”

“फोटू कुणी काढला?”

तेजल त्यांच्या चपला शोधू लागली.

“तूच काढला. तूच समद्यांना दावला. तुझ्यामुळं मी थेंब सोडलं. अन् आता तूच म्हणतीस खोटं? मग आधी खरं होतं का आता खरं हाय?”

सासूबाई हट्टानं मांडी घालून बसल्या. उचलून न्यावं तर तेजल एकटी, रोहित पाळीवर. खाली ढोल सुरू झाले होते. तेजलनं डोळे पुसले, एक स्टूल ओढून गॅलरीच्या बटणाखाली ठेवलं आणि सासूबाईंना हाताला धरून त्यावर बसवलं.

“माझं ऐकू नका, आई. मी खोटी पडलेय. फक्त इथं बसा. मी खालून फोन लावून ठेवते. ‘घालवा’ म्हटलं की बटण बंद, ‘लावा’ म्हटलं की चालू. बाकी मी काही बोलणार नाही. खालचे लोक काय ओरडतात तेवढं तुम्हीच ऐका.”

“अन् मंग?”

“मग तुम्ही म्हणाल तसं करू.”

उतरता उतरता तिनं पहिल्या मजल्यावर स्नेहलवहिनींची बेल वाजवली आणि त्यांच्या कानात दोन वाक्यं सांगितली. अध्यक्षांचं ऑम्लेट गावभर झाल्यापासून वहिनी आधीच धुमसत होत्या. त्या एका शब्दानं कबूल झाल्या.

खाली नुसती धमाल होती. महादर्शनासाठी प्रफुल्लनं मोठा पडदा आणला होता. एक मोबाईल तिपाईवर लावून त्या पडद्याला जोडला होता. खाली इमारत, वर मोकळं आभाळ, चौकट महाराजांनी स्वतः जुळवलेली. पडद्यावर बैलगाडीएवढी भगवती हसत होती. लोक नाचत होते, शिट्ट्या मारत होते, ओळख नसलेल्यांच्या तोंडात पेढे कोंबत होते.

“आता,” महाराजांनी पुकारा केला, “जिच्या हाताला प्रथम यश आलं, ती तेजलताई ज्योत लावील!”

तेजल मंचावर चढली. तिनं ज्योत घेतली नाही, ध्वनिक्षेपक घेतला. दुसऱ्या हातात घरी लावलेला, स्पीकर चालू केलेला फोन होता.

“आई, घालवा,” ती म्हणाली.

पडद्यावरची नथ गडप झाली. गर्दीतून पुन्हा ‘नथ गेली!’ची ओरड उठली.

“लावा.”

नथ आली! आणि महाराज, त्यांची कमाल म्हणायला हवी, एका झेपेत पुढे आले. “पाहिलंत? भक्ताच्या हाकेला भगवती धावते! आई म्हणून हाक मारली आणि नथ आली! बोला भगवती माते की...”

“जय!” गर्दी बेभान झाली. तेजलचा चेहराच पडला. बिंग फोडायला आली होती, आणि संतपदाला पोचण्याची वेळ आली.

मग तिला सुचलं. “महाराज, मी तर साधी बाई. हाक तुम्ही मारा. तुमच्या हाकेनं तर कुंडलंही उतरतील.”

“मारा, महाराज, मारा!” लोक ओरडले.

महाराजांनी हात आभाळाकडे केले. “हे भगवती! दागिना उतरव!”

काही झालं नाही. नथ तशीच चमकत राहिली.

“हे जगज्जननी! लेकराची लाज राख! उतरव!”

आणि तेजलच्या हातातल्या फोनमधून, ध्वनिक्षेपकाच्या अगदी जवळून, साऱ्या रस्त्यावर खणखणीत आवाज आला, “मी नाय हात लावायची! तेजल म्हणल तवाच!”

मागून कुणीतरी म्हणालं, “देवी आपल्या घोटीची हाय का रं?”

हास्याचा असा स्फोट झाला, की भेळवाल्याच्या हातातली भेळ सांडली. तेजललाही हसू आवरेना. “ही देवी नाही,” ती हसतच म्हणाली, “या माझ्या सासूबाई. चौथ्या मजल्यावर, डावीकडे, बटणापाशी बसल्यात. वर बघा! मोबाईलमध्ये नको, तोंड वर करून बघा! आई, घालवा!”

कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्या गर्दीनं डोळ्यांनी इमारत पाहिली. चौथ्या मजल्यावरचा कंदील विझला आणि पडद्यावरची नथ गेली. कंदील लागला आणि नथ आली.

“वहिनी, आता तुमचा!”

पहिल्या मजल्यावर डावीकडचा कंदील विझला. पडद्यावर भगवतीचा उजव्या हाताचा डोळा मिटला. वहिनींनी लगेच लावला, पुन्हा घालवला.

“देवीनं डोळा मारला!” एक पोरगी चिरकली, आणि लोक पोट धरून खाली बसले. एवढ्यात मालनबाईंनाही सूर सापडला. कुणी काही सांगायच्या आधीच त्या बटण खटाखट दाबू लागल्या. नथ नाचतेय, डोळा मिचकावतोय आणि खाली ढोलवाल्यानं त्यावर ताल धरलेला!

“थांबा, थांबा,” तेजल म्हणाली. “सांगते. रस्त्याकडच्या सहाच घरांत दिवे लागतात. पहिल्या मजल्यावर दोन टोकांना दोन, ते डोळे. चौथ्यावर आमचा एक, ती नथ. सातव्यावर ओळीनं तीन, ते तोंड. मोबाईलच्या कॅमेऱ्यात एकामागे एक बारीक भिंगं असतात. अंधारात प्रखर दिवा समोर आला, की त्याचा थोडा उजेड आतल्या काचांवर आपटून परत फिरतो आणि चौकटीच्या मध्याच्या बरोबर उलट बाजूला हिरवट ठिपका पडतो. खालचा दिवा वर दिसतो, वरचा खाली, डावा उजवीकडे. आपली इमारतच उलटी होऊन आभाळात बसलीय, दुसरं कुणी नाही.”

“मग इमारत पूर्ण घेतली की का नाही येत?” शेखरनी विचारलं.

“तेव्हाही ठिपके असतात, पण इमारतीच्याच उजेडात हरवून जातात. दिसायला वर अंधार लागतो. म्हणून तर महाराज सांगायचे, भगवतीला बसायला जागा सोडा. मी ती जागा ‘शुभ दीपावली’साठी सोडली होती. मला काही माहीत नव्हतं. यांना माहीत होतं.”

महाराज गरजले, “हा घोर अपमान आहे! भगवती आभाळात आहे, यंत्रात नाही!”

“आभाळात आहे ना? मग नुसतं आभाळ बघू.” तेजलनं तिपाईवरचा मोबाईल आभाळाकडे वळवला. इमारत पडद्यावरून खाली सरकून गेली आणि पडदा काळा झाला. तिनं मोबाईल खाली केला, तशी भगवती परत येऊन बसली.

“आभाळ तेच आहे, महाराज. देवी कुठं गेली?”

महाराज मंचाच्या मागच्या बाजूला उतरू लागले. तिथं शेखर उभे. “मी ऑम्लेट खाल्लं,” ते एकेक शब्द चावत म्हणाले, “ते तुम्ही साऱ्या नाशकाला सांगायला लावलंत. माझ्या आईचा वणीहून फोन आला! बसा इथं. पोलिसांना फोन केलाय. जादूटोणाविरोधी कायद्याचं अंतःकरण किती शुद्ध असतं ते बघू.” प्रफुल्ल फलकाच्या दोऱ्या सोडायला धावला होता.

एवढ्या गोंधळात फोनमधून पुन्हा आवाज आला. या वेळी तो हळू होता, पण ध्वनिक्षेपकानं तो सगळीकडे नेला.

“तेजल.”

“हां, आई.”

“जी माझ्या बटनावर येती-जाती, ती मला डोळं काय देणार गं?”

ढोलवाल्यानं ढोल खाली ठेवला.

“मंग ही कडी काय हायती?”

“डोळ्यातला दाब वाढलाय, आई. थेंब सोडल्यामुळं. डॉक्टरीणबाई वाट बघतायत.” तेजलचा आवाज फुटला. “चुकलं माझं.”

“रडू नको. जिना उतरायला कुणाला तरी लाव. मला पायऱ्या धड दिसत नाय.”

पाच-सहा जण एकदमच धावले. ज्या बायकांनी मालनबाईंच्या पाया पडायला रांग लावली होती त्यांनीच त्यांना हाताला धरून उतरवलं. शेखरनी गाडी काढली. ढोलवाले गाडीपुढे पळत, ओरडत, रिक्षा बाजूला घेत वाट करून देत होते. गाडीत बसताना एका म्हातारीनं मालनबाईंना विचारलं, “मग भगवती कुठं असंल हो?”

“वणीला हाय की,” मालनबाई म्हणाल्या. “आपल्या ठिकाणी. तिला काय माझ्या गॅलरीत टांगून घ्यायची हौस हाय?”

दवाखान्यात रात्रीच दाब उतरवला आणि सकाळी ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, ते तेजलला जास्त लागलं. त्या एवढंच म्हणाल्या, “मधली नजर वाचली. डाव्या डोळ्याची कड गेली, ती आता येणार नाही.”

मालनबाईंना आज समोरचं चांगलं दिसतं. नातेवाइकांची तोंडं दिसतात, तांदळातले खडे दिसतात. डावीकडून कुणी आलं तर मात्र त्या दचकतात. तेजल आता नेहमी त्यांच्या डाव्या बाजूनं चालते आणि येण्याआधी हाक मारते. आठवीच्या वर्गात परावर्तन शिकवताना ती खोलीत अंधार करून एक बल्ब लावते, मुलांच्या हाती मोबाईल देते आणि हा सगळा किस्सा स्वतःच्या मूर्खपणासकट सांगते. मुलं ऑम्लेटला फार हसतात. हसून झालं की ती त्यांना सांगते, आणि तेच मी तुम्हालाही सांगतो. आभाळात, पाण्यात, भिंतीवर, मोबाईलमध्ये कधी काही अद्भुत दिसलं, तर खुशाल नाचा, आनंद करा. पण हात जोडायच्या आधी एक दिवा घालवून बघा आणि काय होतं ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. नमस्काराला थोडा उशीर झाला म्हणून कुठला देव रागवत नाही. औषधाला झालेला उशीर मात्र डोळा माफ करत नाही.